कैदेतल्या कवीने घेतलेली आठ नावे



दरवर्षी १५ नोव्हेंबर हा दिवस जगभर 'कैदेतील लेखकांचा दिवस' म्हणून पाळला जातो. 'पेन' ही लेखकांची आंतरराष्ट्रीय संस्था १९२१ साली लंडनमध्ये स्थापन झाली. १९८१ पासून तिने हा दिवस पाळायला सुरुवात केली. लिहिल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या कवींची, पत्रकारांची, कादंबरीकारांची नावे त्या दिवशी घेतली जातात. त्यांना पत्रे पाठवली जातात, त्यांच्या सुटकेसाठी सरकारांकडे अर्ज केले जातात.

नोव्हेंबर हा आपल्याकडे मृतांच्या स्मरणाचा महिना. त्या गडबडीत हा दिवस आपल्या ध्यानात राहत नाही. शिवाय कोणी विचारील, 'आपल्या धर्मग्रामात लेखक आहेत तरी किती? हा विषय आपल्या पत्रिकेत कशाला?' प्रश्न रास्त आहे. पण लेखक तुरुंगात जातो तो बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाबद्दल तरी लिहिल्यामुळे. जमीन गेलेला शेतकरी, पगार बुडालेला कामगार, पोलीस कोठडीत मार खाल्लेला तरुण, कज्जा चालवायला पैसे नसलेली विधवा. अशी माणसे प्रत्येक धर्मग्रामात असतात. त्यांच्याबद्दल लिहिणारा हात बांधला गेला की त्यांचा आवाजही बंद होतो. म्हणून हा विषय आपल्या सर्वांचा आहे.

आजच्या पाठासाठी आम्ही दक्षिण कोरियाच्या एका कॅथलिक कवीची हकीकत निवडली आहे. त्यांचे नाव किम जी-हा. ही हकीकत जितकी त्यांची आहे तितकीच ती इतर आठ माणसांचीही आहे.

१. यिर्मयाची गुंडाळी

आधी पवित्र शास्त्राकडे वळू या. यिर्मयाच्या पुस्तकाचा ३६ वा अध्याय घरी सवडीने वाचावा. यिर्मया संदेष्टा सांगत गेला आणि त्याचा लेखनिक बारूख याने ते शब्द गुंडाळीवर लिहून काढले. ती गुंडाळी यहोयाकीम राजापुढे वाचण्यात आली. हिवाळ्याचे दिवस होते, राजापुढे शेगडी पेटलेली होती. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापायचा आणि शेगडीत टाकायचा. शेवटी सगळी गुंडाळी जळाली. यिर्मयाने काय केले? दुसरी गुंडाळी घेतली आणि बारूखला पुन्हा सांगायला बसला. पहिल्यापेक्षा दुसरी मोठी झाली.

पुढे ३८ व्या अध्यायात यिर्मयाला चिखलाने भरलेल्या खोल टाक्यात सोडले जाते. तेथून त्याला कोण काढतो? राजवाड्यातला एक परदेशी सेवक, एबद-मलेख. तो राजाकडे जाऊन रदबदली करतो, माणसे घेऊन येतो आणि दोर खाली सोडतो. दोर काखेत रुतू नये म्हणून तो आधी जुनेर, फाटक्या चिंध्या खाली टाकतो आणि त्या काखेत धरायला सांगतो. शास्त्रलेखकाने ही बारीकशी गोष्ट गाळली नाही. एबद-मलेखच्या या चिंध्या आपण लक्षात ठेवू. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

२. वोनजूचा कवी

किम जी-हा यांचा जन्म १९४१ साली कोरियाच्या नैऋत्य टोकाला मोकपो येथे झाला. त्यांचे खरे नाव किम योंग-इल. 'जी-हा' हे त्यांनी लेखनासाठी घेतलेले नाव. कोरियन कानाला त्याचा अर्थ 'जमिनीखाली' असा ऐकू येतो. सोल विद्यापीठात ते सौंदर्यशास्त्र शिकले. विद्यार्थिदशेतच ते चळवळीत पडले आणि १९६४ साली पहिल्यांदा तुरुंगात गेले. क्षयाचा आजार त्यांना तरुणपणीच जडला होता.

त्या वेळी दक्षिण कोरियात जनरल पार्क चुंग-ही यांची सत्ता होती. १९६१ साली लष्करी उठाव करून ते सत्तेवर आले. त्यांच्या काळात कारखाने उभे राहिले, रस्ते झाले, निर्यात वाढली, हे खरेच आहे. पण कामगाराला संघटना करता येत नव्हती, वर्तमानपत्राला मोकळेपणाने लिहिता येत नव्हते आणि विरोध करणाऱ्यावर 'कम्युनिस्ट' हा शिक्का बसत होता. उत्तर कोरियाशी झालेल्या युद्धाच्या जखमा ताज्या होत्या. त्यामुळे त्या देशात या शिक्क्याचा अर्थ तुरुंग, आणि कधी कधी मरण, असा होता.

मे १९७० मध्ये 'सासांग्ये' या मासिकात किम यांची 'पाच दरोडेखोर' ही दीर्घ कविता छापून आली. कोरियात पानसोरी नावाची जुनी लोककला आहे. एक गायक आणि एक ढोलकीवाला रात्रभर कथा रंगवतात, मध्येच टोमणे मारतात, लोकांना हसवतात. आपल्याकडच्या पोवाड्याची आणि तमाशातल्या बतावणीची आठवण व्हावी, असा तो बाज. कवीने तोच उचलला. देशाला लुटणारे पाच दरोडेखोर त्याने सांगितले: बडे उद्योगपती, लोकसभेचे सभासद, वरिष्ठ अधिकारी, लष्करी सेनापती आणि मंत्री. त्यांची नावे लिहिताना त्याने मुद्दाम जनावर सुचवणारी चिनी अक्षरे वापरली. लोक खदखदून हसले. सरकारला हसू आले नाही. कवी, संपादक आणि प्रकाशक यांना साम्यवादविरोधी कायद्याखाली अटक झाली आणि ते मासिकही बंद पडले.

१९७१ साली किम यांनी बाप्तिस्मा घेतला. फ्रान्सिस हे नाव त्यांनी निवडले. सोलच्या पूर्वेला असलेल्या वोनजू धर्मप्रांताचे बिशप डॅनिएल जी हाक-सून हे त्यांचे मार्गदर्शक. बिशप डॅनिएल उत्तर कोरियात जन्मलेले आणि तिथल्या कम्युनिस्ट राजवटीतून निसटून दक्षिणेत आलेले. भ्रष्टाचाराविरुद्ध ते आपल्या लोकांबरोबर रस्त्यावर उतरत. १९७२ साली किम यांची पुढची उपरोधिक कविता छापली ती 'चांग्जो' या कॅथलिक मासिकाने. कवीला पुन्हा पकडण्यात आले आणि क्षयरोग्यांच्या रुग्णालयात डांबून ठेवण्यात आले. एका कॅथलिक मासिकाने हा धोका पत्करला, ही गोष्ट आपल्यासारख्या ख्रिस्ती पत्रिका चालवणाऱ्यांनी विसरू नये.

३. १९७४: कवी, विद्यार्थी आणि बिशप

ऑक्टोबर १९७२ मध्ये पार्क यांनी लष्करी कायदा पुकारला आणि 'युशिन' नावाची नवी राज्यघटना आणली. राष्ट्राध्यक्षाने किती काळ राहावे याला मर्यादा उरली नाही. जानेवारी १९७४ मध्ये पहिला आणीबाणीचा हुकूम निघाला. या घटनेवर टीका करणे हाच गुन्हा ठरला. एप्रिलमध्ये चौथा हुकूम आला. विद्यार्थ्यांच्या एका संघटनेशी संबंध ठेवणाऱ्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा देता येईल, असे त्यात म्हटले होते. शेकडो विद्यार्थी पकडले गेले. किम काही दिवस लपून राहिले. एप्रिलच्या अखेरीस ते एका दूरच्या बेटावर सापडले.

एक वर्षापूर्वीच त्यांचा विवाह झाला होता. सोलचे कार्डिनल स्टीफन किम यांनी तो लावला होता. वधू ही 'भूमी' या प्रसिद्ध कादंबरीच्या लेखिका पाक क्योंग-नी यांची मुलगी. १९७४ च्या वसंतात, कवी पोलिसांच्या तोंडी जात असतानाच, या जोडप्याला मुलगा झाला.

जुलै १९७४ मध्ये लष्करी न्यायालयाने किम यांना फाशीची शिक्षा सुनावली. जगभरातून निषेध झाला. जपानचे केन्झाबुरो ओए, फ्रान्सचे ज्याँ-पॉल सार्त्र अशा लेखकांनी आवाज उठवला. थोड्याच दिवसांत फाशीची जन्मठेप झाली.

त्याच महिन्यात बिशप डॅनिएल परदेशातून परतताच विमानतळावर पकडले गेले. या कवीला विद्यार्थ्यांसाठी पैसे दिले, हा त्यांच्यावरचा आरोप. बिशपांनी पत्रकारांसमोर 'सद्सद्विवेकाची घोषणा' वाचून दाखवली आणि ही घटना आपण मानत नाही असे जाहीर केले. त्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली. त्याच सप्टेंबरमध्ये धर्मगुरूंनी न्यायासाठी आपली देशव्यापी संघटना उभी केली. सोलच्या म्योंगदोंग कॅथीड्रलमध्ये कैद्यांसाठी मिस्सा होऊ लागल्या. त्या मिस्सांना कॅथलिकांबरोबर प्रॉटेस्टंट, बौद्ध आणि कोणताही धर्म न मानणारे लोकही येत.

चर्चने राजकारणात पडावे का, हा प्रश्न तेव्हा कोरियातही विचारला गेला. पुष्कळ भाविकांना ते पटत नव्हते, काही धर्मगुरूंनाही पटत नव्हते. पण पोप संत तेविसावे जॉन यांनी ११ एप्रिल १९६३ रोजी 'पृथ्वीवर शांती' हे परिपत्रक काढले होते. प्रत्येक माणसाला सत्याचा शोध घेण्याचा आणि नीतिमत्ता व सर्वांचे हित सांभाळून आपले मत मांडण्याचा हक्क आहे, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. हा हक्क सरकार देत नाही, तो माणसाला जन्मतःच असतो. बिशप डॅनिएल त्याच शिकवणुकीवर उभे होते.

४. रिकाम्या चौकटी

या काळातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'दोंग-आ इल्बो' हे कोरियाचे नामांकित दैनिक. ऑक्टोबर १९७४ मध्ये त्याच्या पत्रकारांनी ठरवले की यापुढे सरकारचा दबाव मानायचा नाही. डिसेंबरमध्ये त्या दैनिकाच्या जाहिराती एकाएकी बंद झाल्या. सरकारने कंपन्यांना दम भरला होता. २६ डिसेंबरला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, अंक निघाला तेव्हा जाहिरातींच्या जागा कोऱ्या होत्या.

मग वाचक पुढे आले. ज्याला जमेल त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे लहानशी जागा विकत घ्यायला सुरुवात केली. विद्यार्थी, गृहिणी, शिक्षक, कामगार, चर्चचे गट. दोन-चार ओळींची जाहिरात: धीर सोडू नका, आम्ही वाचतो आहोत. कित्येकांनी भीतीपोटी नाव दिले नाही, पण पैसे दिले. कित्येक आठवडे हे चालले. कोऱ्या चौकटी साध्या माणसांच्या शब्दांनी भरून गेल्या.

एबद-मलेखच्या चिंध्या त्या याच. टाक्यातल्या माणसाला वर काढायला दोर लागतो, आणि दोर रुतू नये म्हणून कोणीतरी आपल्या घरातले जुनेर आणावे लागते.

५. सुटका, आणि मागे राहिलेले

१५ फेब्रुवारी १९७५ रोजी सरकारने आणीबाणीच्या हुकुमाखालील बहुतेक कैद्यांना सोडले. किम सुटले, दोन दिवसांनी बिशपही सुटले. त्या कडाक्याच्या थंडीत पाक क्योंग-नी तुरुंगाबाहेर जावयाची वाट पाहत उभ्या होत्या. दहा महिन्यांचा नातू त्यांनी पाठीला बांधला होता. तिथे बातमीसाठी आलेल्या एका तरुण पत्रकाराने त्यांना गर्दीपासून दूर उभे असलेले पाहिले आणि पुढे त्याबद्दल लिहिले.

आता कवीने काय करावे? घरी बाळ आहे, फुप्फुसात रोग आहे, डोक्यावर जन्मठेप तशीच आहे. सरकारने केवळ शिक्षा थांबवली होती, रद्द केली नव्हती. गप्प बसले असते तर कोणीही त्यांना दोष दिला नसता.

पण त्या सुटकेतून काही जणांना मुद्दाम वगळले होते. सरकारचे म्हणणे असे की विद्यार्थ्यांच्या मागे 'जनक्रांती पक्ष' नावाची गुप्त संघटना आहे आणि तिला उत्तर कोरियाकडून हुकूम येतात. या आरोपाखाली पकडलेली माणसे शिक्षक, छोटे व्यावसायिक, नोकरदार, माजी विद्यार्थी कार्यकर्ते होती. जगात त्यांना कोणी ओळखत नव्हते. सार्त्रने त्यांच्या कविता वाचल्या नव्हत्या. बिशप त्यांच्याबरोबर पकडले गेले नव्हते. त्यांच्या बायका दारोदार फिरून विनवण्या करत होत्या. त्यांचे म्हणणे उघडपणे मांडणारे मेथॉडिस्ट मिशनरी जॉर्ज ओगल यांना डिसेंबर १९७४ मध्येच देशाबाहेर काढले होते.

तुरुंगात कैदी कोठडीच्या खिडकीतून एकमेकांशी दबक्या आवाजात बोलत. असेच एकदा हा जे-वान नावाच्या कैद्याने किम यांना सांगितले की आपला भयंकर छळ झाला आहे आणि छळ करूनच कबुलीजबाब घेतला आहे. कवीने ते मनात जपून ठेवले. सुटल्यावर दहा दिवसांच्या आत, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, त्यांनी 'दोंग-आ इल्बो'मध्ये लेखमाला लिहिली आणि जाहीर केले की हा खटला बनावट आहे. मार्चच्या मध्यावर पोलीस पुन्हा त्यांच्या दारात होते. जेमतेम एक महिना ते बाहेर होते. त्याच सुमारास 'दोंग-आ इल्बो'च्या मालकांनी माघार घेतली आणि लढणाऱ्या पत्रकारांना कचेरीतून बाहेर काढले.

८ एप्रिल १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ जणांची फाशी कायम केली. दुसऱ्या दिवशी पहाटे, चोवीस तासही न उलटता, ती अमलात आणली गेली. घरच्यांना शेवटची भेटही मिळाली नाही. एका मृताची शववाहिका प्रार्थनेसाठी कॅथलिक चर्चकडे चालली असता पोलिसांनी ती वाटेत अडवली आणि क्रेन आणून ओढून नेली. अंगावरच्या छळाच्या खुणा कोणी पाहू नये, म्हणून पार्थिव परस्पर दहन केले. फादर जेम्स सिनॉट हे मेरीनोल संघाचे धर्मगुरू तेव्हा त्या गाडीच्या आड आले होते. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनाही कोरिया सोडावा लागला.

ती आठ नावे आम्ही येथे मुद्दाम देत आहोत. उच्चार आपल्याला अवघड वाटतील, तरीही एकदा ती मोठ्याने वाचावीत, ही विनंती.

सो दो-वॉन. दो ये-जोंग. सोंग सांग-जिन. ऊ होंग-सॉन. हा जे-वान. ली सू-ब्योंग. किम योंग-वॉन. यो जोंग-नाम.

कवीचे नाव जगाला ठाऊक होते, म्हणून कवी वाचला. या आठ जणांची नावे कोणाला ठाऊक नव्हती, म्हणून ते गेले. हे कवीला कळत होते. आपल्या नावाला आलेली किंमत त्यांनी या बिननावाच्या माणसांसाठी खर्च केली आणि त्याबद्दल जवळजवळ सहा वर्षे तुरुंगात काढली.

६. भिंतीच्या फटीतले गवत

पुन्हा झालेल्या अटकेनंतर कवीकडून एक निवेदन लिहून घेण्यात आले. आपण कम्युनिस्ट आहोत आणि कॅथलिक असल्याचे सोंग घेऊन चर्चमध्ये शिरलो, असा त्याचा आशय. सरकारने ते सगळीकडे वाटले. ज्यांना आपले चर्च या भानगडीत नको होते, त्यांना ते निवेदन सोयीचे वाटले असेल. पण १९७५ च्या उन्हाळ्यात त्यांच्या नावाची 'सद्सद्विवेकाची घोषणा' तुरुंगातून गुपचूप बाहेर आली आणि जपानमध्ये प्रसिद्ध झाली. बिशपांनी वापरलेलेच ते नाव. आपण कम्युनिस्ट नाही, ते निवेदन जबरदस्तीने घेतलेले आहे आणि आपली बंडखोरी दीनदुबळ्यांवरच्या प्रेमातून आली आहे, असे त्यात सांगितले होते. त्याच वर्षी आफ्रो-आशियाई लेखकांच्या संघटनेने त्यांना 'लोटस' पुरस्कार दिला. तो घ्यायला ते जाऊ शकत नव्हते.

एकांतवास माणसाला आतून पोखरतो. भिंती जवळ येत आहेत असा भास त्यांना होऊ लागला. अशा वेळी एका वसंतात खिडकीच्या गजांतून उडत आलेले गवतफुलांचे पांढरे बीज त्यांना दिसले. सिमेंट आणि गज यांच्या फटीत साचलेल्या मातीत एक रोप उगवले होते. ते पाहून आपण खूप रडलो, असे त्यांनी पुढे सांगितले. एवढेसे बीज तुरुंगाच्या भिंतीला जुमानत नाही, मग माणसाने का हरावे? तेथून पुढे 'जीवन' हाच त्यांच्या विचाराचा गाभा झाला.

ऑक्टोबर १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क यांची त्यांच्याच गुप्तचर खात्याच्या प्रमुखाने हत्या केली. डिसेंबर १९८० मध्ये किम सुटले.

७. मित्र नाराज झाले, तेव्हा

येथे थांबलो तर कथा सोपी होईल. पण पुढचे सांगणेही आवश्यक आहे. १९९१ साली कोरियात सरकारच्या निषेधार्थ काही तरुणांनी स्वतःला जाळून घेतले. तेव्हा किम यांनी एका मोठ्या दैनिकात लेख लिहून या मरणाच्या मार्गावर कडक टीका केली. त्यांचे जुने सहकारी दुखावले आणि लेखकांच्या संघटनेने त्यांना बाहेर काढले. २०१२ साली त्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी पार्क चुंग-ही यांच्या मुलीला पाठिंबा दिला. कित्येकांना तो विश्वासघात वाटला. ८ मे २०२२ रोजी वोनजू येथे, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मग १९७४ साली त्यांच्यासाठी प्रार्थना करणारे चुकले होते का? मुळीच नाही. एखाद्या माणसाने लिहिल्याबद्दल तुरुंगात जाऊ नये, असे आपण म्हणतो, ते तो आपल्या मताचा आहे म्हणून नव्हे. तो देवाच्या प्रतिरूपात घडलेला माणूस आहे म्हणून. उद्या त्याने आपल्याला न पटणारे लिहिले तरी त्याचा हक्क कमी होत नाही. आपल्याला आवडणाऱ्या कैद्यापुरती आपली कणव राहिली, तर ती कणव नसून गटबाजी झाली.

आणि त्या आठ जणांचे काय? २००२ साली सरकारी चौकशी आयोगाने सांगितले की तो खटला गुप्तचर खात्याने छळ करून रचलेला होता. २३ जानेवारी २००७ रोजी सोलच्या न्यायालयाने फेरसुनावणीनंतर आठही जणांना निर्दोष ठरवले. फाशीला तेव्हा ३२ वर्षे होत आली होती. न्यायालयात त्यांच्या पत्नी होत्या, आता म्हाताऱ्या झालेल्या. जानेवारी २०१३ मध्ये १९७४ च्या खटल्यातून किम यांचीही निर्दोष मुक्तता झाली. यिर्मयाची पहिली गुंडाळी जळाली, पण दुसरी लिहिली गेली.

८. आपल्या दाराशी

कोरिया दूर आहे, पण तळोजा दूर नाही. फादर स्टॅन स्वामी हे येशूसंघीय धर्मगुरू झारखंडमध्ये आदिवासींबरोबर राहिले. तुरुंगात वर्षानुवर्षे पडून असलेल्या आदिवासी तरुणांची माहिती त्यांनी गोळा केली, २०१० साली त्यावर हिंदीत पुस्तक लिहिले आणि पुढे अशा कच्च्या कैद्यांसाठी उच्च न्यायालयात जनहित याचिकाही केली. ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांची येथे राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना भीमा-कोरेगाव प्रकरणात यूएपीए कायद्याखाली अटक केली आणि तळोजा कारागृहात ठेवले. माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप त्यांनी नाकारला होता. वय ८३, कंपवाताने हात थरथरत. पेला धरता येईना म्हणून नळीच्या पेल्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. कच्च्या कैद्यांबद्दल लिहिणारा माणूस स्वतः कच्चा कैदी झाला. तेथूनही आपल्या पत्रांत त्यांनी लिहिले ते बरोबरच्या गरीब कैद्यांबद्दल. सहकैदी त्यांना अंघोळीला, जेवायला हात देत. तिथेही एबद-मलेख होतेच. मे २०२१ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना वांद्रे येथील होली फॅमिली रुग्णालयात हलवण्यात आले आणि ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच, त्यांचे निधन झाले. त्यांचा खटला उभाच राहिला नाही. आरोप खरे की खोटे, हे ठरण्याआधीच शिक्षा भोगून झाली.

९. आपण काय करू शकतो?

तुरुंगातल्या लेखकाला सोडवणे आपल्या हातात नसेल, पण त्याचे नाव विसरू न देणे आपल्या हातात आहे. श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत 'सर्व कैद्यांसाठी' असे मोघम न म्हणता एखादे नाव घ्यावे. नाताळात भेटकार्डे लिहितो, त्यांतले एक कैद्याच्या कुटुंबाला लिहावे. लघु ख्रिस्ती समूहाच्या सभेत आपल्या भागातील एखादा तरुण जामिनाअभावी आत पडून आहे का, याची चौकशी करावी आणि वकील मिळवून द्यावा. लेखकाने ज्याच्यासाठी लेखणी उचलली, तो असाच कोणीतरी असतो.

*समूहात चर्चेसाठी प्रश्न*

१. यिर्मया ३८ मधील एबद-मलेख राजाला काय सांगतो? त्याला कशाची भीती वाटली असेल?

२. सुटका झाल्यावर किम जी-हा गप्प राहिले असते तर ते चुकले असते का? तुम्ही त्यांच्या पत्नीच्या जागी असता तर काय सल्ला दिला असता?

३. ज्याची मते आपल्याला मुळीच पटत नाहीत, अशा एखाद्या कैद्यासाठी आपण प्रार्थना करू शकतो का?

*प्रार्थना*

हे प्रभू, तू स्वतः बांधला गेलास आणि खोट्या साक्षीवरून दोषी ठरलास. सत्य लिहिल्याबद्दल जे आज गजांआड आहेत, त्यांना धीर दे. त्यांच्या घरच्यांना एकटे पडू देऊ नकोस. न्यायाधीशांना निर्भय कर. आणि ज्यांची नावे कोणी घेत नाही, त्यांची नावे घेण्याचे धैर्य आम्हाला दे. आमेन.